विशेष शाळेतल्या मुलांचं वर्तन : शिक्षा नको, मग काय?

खडूफळा

विशेष शाळेत नव्याने रुजू झालेल्या शिक्षकांकडून एक प्रश्न हमखास येतो. "हे मूल चावतं, ते वस्तू भिरकावतं, तिसरं वर्गाबाहेर पळतं. थांबवायचं कसं?" प्रश्न रास्त आहे, पण अर्धाच आहे. ते थांबलं तर त्याऐवजी मुलाने काय करावं, हा उरलेला अर्धा. त्याचं उत्तर तयार नसेल तर चावणं थांबतं आणि ओरबाडणं सुरू होतं. त्या उरलेल्या अर्ध्यावर बोलण्यासाठी हा धागा.

त्रासदायक वर्तनामागे साधारण चार कारणं सापडतात. कुणाचं तरी लक्ष हवं असतं. एखादी वस्तू किंवा खेळ हवा असतो. समोरचं काम, आवाज, गर्दी यातून सुटका हवी असते. नाहीतर ते करताना शरीराला जे जाणवतं तेच हवं असतं, तिथे दुसऱ्या कुणाचा संबंधच नसतो. कधी एकाच वर्तनात यातली दोन कारणं मिसळलेली असतात. वरून सारखं दिसणारं वर्तन आतून सारखं नसतं, हे आधी डोक्यात पक्कं बसायला हवं. दोन मुलं टेबलावर हात आपटत असतील. एकाला गणित टाळायचं असेल, दुसऱ्याला कुणीतरी जवळ येऊन बसायला हवं असेल. पहिल्याला शिक्षा म्हणून वर्गाबाहेर बसवलं की त्याला हवं होतं तेच मिळालं, उद्या तो आणखी लवकर हात आपटेल. शिक्षकाला वाटतं आपण कडक वागलो. मुलाच्या लेखी ते बक्षीस ठरलेलं असतं.

म्हणून उपायाआधी नोंद. वहीत तीन रकाने आखायचे : आधी काय घडलं, मुलाने नेमकं काय केलं, लगेच नंतर काय झालं. मधल्या रकान्यात "चिडला", "हट्ट केला", "मुद्दाम केलं" असं लिहायचं नाही. "पेन्सिल फेकली, खुर्ची मागे ढकलली, शेजारच्या मुलीचा हात ओढला" असं, कॅमेऱ्याला दिसलं असतं तेवढंच लिहायचं. तिसरा रकाना सगळ्यात अवघड, कारण त्यात आपण असतो : आपण काय बोललो, काय काढून घेतलं, काय देऊन टाकलं. आणि जेव्हा काहीच घडलं नाही त्या तासांचीही नोंद हवी. संगीताच्या तासाला हे मूल शांत का असतं, यात पुष्कळदा उत्तर दडलेलं असतं.

नोंदीतून कारणाचा अंदाज आला की खरं काम सुरू होतं : त्याच कारणासाठी चालेल असा दुसरा मार्ग शिकवणं. एडवर्ड कार आणि मार्क ड्युरांड यांचा १९८५ सालचा एक लहानसा अभ्यास मला आजही फार बोलका वाटतो. मुलं चारच होती. कुणाचं वर्तन काम अवघड झालं की बिघडे, कुणाचं मोठ्यांचं लक्ष कमी झालं की. त्यांना एकेक वाक्य शिकवलं : काम अवघड वाटणाऱ्यांना "मला समजत नाही", लक्ष हवं असणाऱ्यांना "मी नीट करतोय का?" अशा अर्थाचं. वाक्य कारणाशी जुळलं तेव्हा त्रासदायक वर्तन झपाट्याने कमी झालं. न जुळणारं वाक्य शिकवलं तेव्हा झालं नाही. म्हणजे मुलाला गोड बोलायला शिकवून भागत नाही. जे हवंय नेमकं तेच त्या बोलण्यातून मिळावं लागतं.

न बोलणाऱ्या मुलासाठी हे वाक्य म्हणजे चित्रकार्ड, हाताची खूण किंवा बटण दाबल्यावर बोलणारं यंत्र. इथे बहुतेक शाळांची गाडी अडते. "सुट्टी" असं कार्ड बनवलं जातं, मूल ते दाखवतं आणि आपण म्हणतो, "आधी हे पान पूर्ण कर." मूल कार्ड टाकून देतं आणि टेबल उलथवतं, कारण टेबल उलथवल्यावर सुट्टी मिळते हे त्याला अनुभवाने माहीत असतं. नवा मार्ग जुन्यापेक्षा सोपा आणि जलद हवा, आणि सुरुवातीला तो दर वेळी चालायलाच हवा. कार्ड दाखवलं की त्या क्षणी सुट्टी. "मग दिवसभर सुट्टीच मागेल" ही भीती सगळ्यांना वाटते. सुरुवातीला मागेलही. त्याचा त्या कार्डावर विश्वास बसला की हळूहळू ताणायचं : "अजून एक गणित, मग सुट्टी", पुढे दोन, पुढे चार. ताणण्याआधी विश्वास बसू द्यायचा, हा क्रम मोडू नका.

तुमच्या शाळांत काय चालतं, काय चालत नाही, जरूर लिहा.

कवडसा

वाचते आहे. "जेव्हा काही घडलं नाही त्या तासांचीही नोंद" हे कुणी सांगितलंच नव्हतं.

निळी_शाई

उत्तम धागा. मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. चार कारणांच्याही आधीची एक पायरी जोडते : दुखणं.

ज्या मुलाला "माझा कान दुखतोय" सांगता येत नाही, ते कानावर बुक्क्या मारतं. दाढ, बद्धकोष्ठता, आम्लपित्त, मासिक पाळी, अपुरी झोप, चष्म्याचा बदललेला नंबर, ही यादी प्रत्येक वर्गात भिंतीवर हवी. फिट्सवरच्या काही औषधांनीही चिडचिड वाढू शकते. औषध किंवा डोस नुकताच बदलला असेल तर पालकांनी डॉक्टरांशी बोलावं, स्वतःहून बंद मात्र करू नये. आधी शांत असलेलं मूल अचानक बदललं तर वर्तनाचा तक्ता नंतर, तपासणी आधी.

दुसरं, खोलीकडे बघा. लुकलुकणारी ट्यूबलाइट, खुर्च्या सरकवल्याचा कर्कश आवाज, दाराशी होणारी रेटारेटी. खुर्चीच्या पायांना रबरी टोप्या लावल्या, एका मुलाला रांगेत सगळ्यात शेवटी उभं केलं, एवढ्यावर संपलेल्या "वर्तन समस्या" मी पुष्कळ बघितल्या आहेत. त्या समस्या मुलात नव्हत्याच.

पाऊलखुणा

मी पालक आहे. आमच्याकडे शाळेत टोकन देतात. पाच टोकन झाली की टॅबलेटवर खेळायला मिळतं. सासूबाई म्हणतात ही लाच झाली, मोठेपणी प्रत्येक गोष्टीचे पैसे मागेल. खरं सांगायचं तर मलाही आतून तसं वाटतं. खडूफळाताई, तुमचं काय मत?

खडूफळा

पाऊलखुणा, सासूबाईंची शंका टाकाऊ नाही. आधी वेळ बघा. मूल दुकानात आडवं पडून किंचाळतंय आणि आपण म्हणतो "गप्प बस, खेळणं देते", तर मुलाला किंचाळण्याचं फळ मिळालं. "हे काम झालं की हे मिळेल" असं आधीच ठरलेलं असेल, आणि काम झाल्यावरच दिलं असेल, तर फळ कामाचं मिळालं. पहिल्यात सूत्रं किंचाळण्याच्या हातात जातात, दुसऱ्यात करार आधीच झालेला असतो.

पण बक्षिसाचा अतिरेकही होतो. १९७३ साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी बालवाडीतल्या, चित्रं काढायची मुळातच आवड असलेल्या मुलांवर एक प्रयोग केला. काहींना "चित्र काढलंस तर प्रमाणपत्र" असं आधी सांगितलं. पुढे मोकळ्या वेळात हीच मुलं चित्रांकडे कमी वळली. ज्यांना प्रमाणपत्र अनपेक्षित मिळालं किंवा मिळालंच नाही, त्यांची आवड तशी घटली नाही. ती सर्वसाधारण मुलं होती, तरी मी यातून एक नियम घेतला आहे : मूल जे आवडीने करतं त्यावर टोकन लावायचं नाही. टोकन फक्त जड वाटणाऱ्या कामाला, आणि तेही कायमचं नाही.

टोकनबद्दल आणखी. कमावलेलं टोकन चुकीबद्दल काढून घेऊ नका. आपल्या मुलांना त्यातून धडा मिळत नाही, नुसता धक्का बसतो, आणि पुढचा अर्धा तास तो धक्का निस्तरण्यात जातो. पाचावर सुरुवात करू नका; आधी एक टोकन, लगेच बक्षीस, मग दोन. आणि "शाबास" एकटं देऊ नका. "शाबास, पेन्सिल खाली ठेवून हात वर केलास" असं म्हणा, म्हणजे कशाबद्दल ते कळतं. कौतुक ऐकून दचकणारी मुलंही असतात. त्यांना अंगठा दाखवला तरी पुरतो.

कित्येकदा टोकनचीही गरज नसते. "आधी – मग" असा दोन चौकोनांचा फलक : आधी शब्दलेखन, मग झोपाळा. डेव्हिड प्रेमॅक यांनी १९५९ साली मांडलेलं तत्त्व हेच आहे, मूल स्वतःहून जास्त वेळा करतं ते काम कमी वेळा करत असलेल्या कामाचं बक्षीस ठरू शकतं. वेगळं काही विकत आणावं लागत नाही.

मदतनीस_ताई

मी शिक्षिका नाही, वर्गात मदतनीस आहे. आम्हाला सांगतात, "लक्ष देऊ नका, आपोआप थांबेल." मूल भिंतीवर डोकं आपटतंय आणि मी दुसरीकडे बघायचं? हे मला जमत नाही. जमूही नये असं वाटतं.

खडूफळा

ताई, जमू नयेच. तुम्ही बरोबर आहात.

"दुर्लक्ष करा" हा सल्ला फक्त लक्ष हवं म्हणून होणाऱ्या आणि कुणाला इजा न करणाऱ्या वर्तनाला लागू पडतो. तिथेही दुर्लक्ष वर्तनाकडे करायचं असतं, मुलाकडे नव्हे. ज्या क्षणी ते योग्य रीतीने हाक मारतं त्या क्षणी आपण तिथे हजर हवं. सुटकेसाठी होणाऱ्या वर्तनाकडे दुर्लक्ष केलं तर मुलाला सुटका मिळते, म्हणजे उलटाच परिणाम. शरीराच्या जाणिवेसाठी होणाऱ्या वर्तनाला तुम्ही बघता की नाही याने काही फरक पडत नाही. आणि स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा होत असेल तर आधी इजा टाळायची : मध्ये उशी धरा, बाकीच्या मुलांना हलवा, मदतीला हाक मारा.

अजून एक, कारण हे मदतनिसांना कुणी समजावून सांगत नाही. आधी ओरडल्यावर लक्ष मिळायचं, आता मिळत नाही, तर ओरडणं कमी होण्याआधी काही काळ वाढतं. त्या वाढलेल्या टप्प्यावर आपण वाकलो तर मूल शिकतं की आणखी जोरात ओरडलं की काम होतं. कधी मिळतं, कधी मिळत नाही, अशा गोष्टीचा नाद सुटायला सगळ्यात कठीण. म्हणून सकाळच्या बाईंनी दुर्लक्ष करायचं आणि दुपारच्यांनी जवळ घ्यायचं, असं असेल तर सुरूच करू नका.

निळी_शाई

+१. उद्रेकाबद्दल थोडं. मूल शिखरावर असताना शिकवणं बंद. प्रश्न विचारायचे नाहीत, समजावायचं नाही, "बघ माझ्याकडे" म्हणायचं नाही. शब्द कमी, आवाज हळू, समोर नाही तर जरा बाजूला उभं राहायचं, आणि दाराचा रस्ता मोकळा. बरेच जण शांत झाल्या झाल्या "सॉरी म्हण" म्हणतात आणि उद्रेक परत पेटतो. शरीर शांत व्हायला वेळ लागतो. बोलणं नंतर, पाणी पिऊन, थोडा वेळ गेल्यावर.

मुलाला पालथं दाबून धरणं मात्र कधीही नको. त्यात श्वास कोंडून जीव गेल्याच्या घटना घडलेल्या आहेत. कुणाला धरावंच लागेल अशी वेळ येत असेल तर शाळेने लेखी योजना करावी, प्रशिक्षण घ्यावं आणि प्रत्येक प्रसंग त्याच दिवशी पालकांना कळवावा.

आणि जिंकायचा भाग उद्रेकात नसतोच, त्याच्या दहा मिनिटं आधी असतो. प्रत्येक मुलाची चढण्याची खूण वेगळी. कुणाचे कान लाल होतात, कुणी एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणतो, कुणी अचानक गप्प होतो. ही खूण सगळ्यात आधी मदतनीस ताईंनाच कळते. त्यांना बैठकीत बोलवा आणि विचारा.

मदतनीस_ताई

धन्यवाद. आजवर बैठकीला बोलावलेलं नाही. हा प्रतिसाद दाखवीन.

गलका_नको

मी स्वतः ऑटिस्टिक आहे, प्रौढ आहे, एका अशाच शाळेत शिकलो. इथे बक्षीस आणि टोकनबद्दल वाचून थोडा सावध होऊनच लिहितो आहे.

वर्तन बदलण्याच्या या शास्त्राचा इतिहास सगळा सकारात्मक नाही. इव्हार लोव्हास यांच्या १९८७ सालच्या गाजलेल्या अभ्यासात आठवड्याला चाळीस तासांचं प्रशिक्षण होतं, आणि त्यात जोरात "नाही" ओरडणं, मांडीवर चापट हेही होतं. चापट गेली हे चांगलंच झालं. पण हेतू तोच राहिला, मूल बाकीच्यांसारखं दिसलं पाहिजे, तर टोकन देऊनही तेच होतं. मला हात फडफडवल्याबद्दल थांबवत. "हात शांत" म्हटलं की हात मांडीखाली दाबून बसायचं. सगळं लक्ष हातांवर, फळ्यावरचं काही कळत नसे. फडफडवल्यानेच मला ऐकता येत होतं.

म्हणून कुठलंही वर्तन बदलायच्या वर्तनांच्या यादीत घालण्याआधी विचारा : याने कुणाला इजा होते का? मुलाचं शिकणं अडतं का? की फक्त बघणाऱ्याला विचित्र वाटतं? तिसरं असेल तर यादीतून काढा. डोळ्यांत बघण्याची सक्तीही काढा.

खडूफळा

गलका_नको, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. तुमचे तिन्ही प्रश्न नोंदीच्या पहिल्याच पानावर हवेत. त्यात एक भर घालते : मुलाला "नाही" म्हणता येतं का? आज्ञाधारक झालेलं मूल शाळेला सोयीचं असतं, पण ज्याला नकार देताच येत नाही ते मूल बाहेरच्या जगात असुरक्षित असतं. "नको" हे कार्ड "द्या" या कार्डाइतकंच लवकर शिकवायला हवं, आणि ते दाखवल्यावर मानायलाही हवं.

पाऊलखुणा

गलका_नको, माझा मुलगा डुलतो. मी त्याला सारखी खांद्याला धरून थांबवते. तुमचा प्रतिसाद परत परत वाचला. आता विचारते : तो डुलत असेल तर करू तरी काय?

गलका_नको

काहीच नाही. डुलू द्या. तो पडेल, आपटेल असं असेल तर जागा बदला. शक्य असेल तर कधी शेजारी बसून तुम्हीही डुला.

वळणवाट

मी मुख्याध्यापक आहे. वर्गातल्या गोष्टी वर आल्याच आहेत, मी शाळाभरच्या बाजूने लिहितो.

सर्वसाधारण शाळांसाठी एक तीन थरांची रचना सांगितली जाते : सर्वांसाठी समान अपेक्षा, काहींना छोट्या गटात मदत, अगदी थोड्यांना वैयक्तिक योजना. विशेष शाळेत वैयक्तिक योजना लागणारी मुलं बरीच असतात, त्यामुळे पहिला थर लोक सोडून देतात. ती चूक आहे. शाळाभर दोन-तीनच अपेक्षा, चित्रांसह, आणि त्या बसमध्ये, स्वच्छतागृहात, डबा खाताना, मैदानावर नेमक्या कशा दिसतात हे प्रत्यक्ष करून दाखवायचं. "नीट वाग" कुणालाच कळत नाही. "चालत ये", "डब्याचं झाकण लाव" कळतं.

सगळ्यात जास्त प्रसंग तासांमध्ये घडत नाहीत, तास बदलताना घडतात. चित्रांचं वेळापत्रक, बदलाआधी सूचना, वाळूचं घड्याळ, हातात न्यायला एखादी वस्तू, यावर खर्च केलेला वेळ दसपट परत मिळतो. बदली शिक्षक येणार असेल तर त्याचा फोटो आदल्या दिवशीच वेळापत्रकावर लावतो.

बसचालक आणि बसमधल्या ताईंनाही प्रशिक्षण हवं. मूल वर्गात पोहोचतं तेव्हा त्याचा निम्मा दिवस बसमध्ये ठरून गेलेला असतो.

कवडसा

मुख्याध्यापक सर, एक अवघड प्रश्न. आमच्या वर्गात पंधरा वर्षांचा मुलगा आहे, कुणीही पाहुणा आला की घट्ट मिठी मारतो. लहानपणी सगळ्यांना गोड वाटायचं. आता बायका घाबरतात आणि त्याला कळत नाही की काय बदललं.

वळणवाट

त्याच्या बाजूने काहीच बदललेलं नाही, आपण नियम बदलला आणि तोही न सांगता. यात त्याला रागावणं अन्याय आहे.

आता करायचं ते : मिठी कुणाला, हात मिळवणं कुणाशी, लांबून नमस्कार कुणाला, हे ओळखीच्या माणसांच्या फोटोंसह वर्तुळात मांडा. आतल्या वर्तुळात घरचे, मग शिक्षक, मग पाहुणे. पाहुणा यायच्या आधी सराव, आणि पाहुण्यालाही दारातच सांगा की हात पुढे करा. हात मिळवल्यावर भरपूर उत्साहाने बोला, म्हणजे मिठीतून जे मिळत होतं ते मिळालं. "मिठी नको" एवढंच सांगितलं तर त्याच्याकडे माणसांना भेटण्याचा एकही मार्ग उरत नाही.

लहान मुलांच्या पालकांसाठी : पाच वर्षांच्या मुलाला काही शिकवताना हेच अठराव्या वर्षी चालेल का, असा विचार करा. कपडे बदलताना दार बंद, स्वतःच्या शरीराला हात लावायचा तर स्वतःच्या खोलीत, हे लवकर सुरू करा. न ओरडता, न लाजवता.

कवडसा

फोटोंची वर्तुळं उद्याच करायला घेते. पुढच्या वर्षी तो दुसऱ्या वर्गात जाईल तेव्हा हे सगळं वाया जाऊ नये म्हणून काय करावं?

खडूफळा

प्रत्येक मुलाचं एक पान. जाडजूड फाइल कुणी उघडत नाही. त्या एका पानावर : त्याला काय आवडतं, काय सहन होत नाही, चढायला लागल्याची खूण, तेव्हा काय करायचं आणि काय अजिबात करायचं नाही, "हवं", "नको", "सुट्टी", "दुखतंय" हे तो कसं सांगतो, कार्डाने की खुणेने. पान लिहिताना मदतनीस आणि घरचे दोघेही सोबत हवेत, आणि शक्य असेल तिथे मूलही. वर्ग बदलण्याआधी नव्या शिक्षकांनी जुन्या वर्गात येऊन काही तास नुसतं बसावं.

आणि कार्डं मुलाबरोबर जाऊ द्या. नव्या वर्गात नवी कार्डं बनवू नका, तीच द्या, मळलेली असली तरी. घरीही त्यांचाच दुसरा संच हवा. पान आणि कार्डं मे महिन्यावर ढकलू नका, वर्ष संपायच्या बरंच आधी तयार ठेवा. मूल मध्येच आजारी पडलं किंवा तुम्हीच रजेवर गेलात तर ते पान त्याच दिवशी लागेल.